क्वांग नामला जाऊन नेमकं काय खायचं? (दा नांग-होई आन, सोबत शाकाहारी आई)

शेवंती_०७

नमस्कार मंडळी, मार्चमध्ये मी आणि आई व्हिएतनामला चाललोय, दा नांगला उतरणार आणि पाच रात्री होई आनलाच मुक्काम. मागे एकदा ऑफिसच्या कामासाठी हनोईला गेले होते तेव्हा चार दिवस सकाळ-संध्याकाळ फो (तिकडचं नूडलचं सूप) खाल्लं, आवडलंही, पण परत आल्यावर टीममधली एक व्हिएतनामी मैत्रीण (ती मध्य व्हिएतनाममधल्या क्वांग नामची) जरा हिरमुसून म्हणाली की ते उत्तरेचं गं, आमच्याकडे आलीस तर फो मागू नकोस, आमचं खा. आता जायचं ठरलंय आणि ती नेमकी बाळंतपणाच्या रजेवर, तिला कशाला त्रास द्यायचा म्हणून इथे विचारतेय.

नेटवर याद्या ढिगाने आहेत पण सगळ्या व्हिएतनामचं एकत्र कालवण करून ठेवलंय, त्यातलं क्वांग नामचं स्वतःचं कुठलं आणि बाहेरून आलेलं कुठलं तेच कळत नाही. दुसरं म्हणजे आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि तिकडे म्हणे भाजीतसुद्धा फिश सॉस असतो. तिला पाच दिवस नुसत्या फळांवर ठेवायचं नाहीये मला, तिलाही तिथली चव कळावी असं मनापासून वाटतं. आणि होई आन सोडून आजूबाजूला जाण्यासारखं काही आहे का? मॅपवर क्वांग नाम शोधलं तर सगळीकडे दा नांगच दाखवतंय, तो काय प्रकार आहे?

बंदरावरचा

ताई, आधी मॅपचं सांगतो. १ जुलै २०२५ पासून क्वांग नाम प्रांत दा नांग शहरात विलीन झाला, त्यामुळे होई आन, ताम की, सगळा डोंगराळ भाग आता कागदोपत्री दा नांगच. १९९७ पर्यंतही दोन्ही मिळून एकच प्रांत होता म्हणून जुन्या लोकांना त्याचं फार नवल नाही. पण खाण्याच्या पाट्यांवर क्वांग हेच नाव आहे आणि राहणार.

मी कामासाठी दोन वर्षं दा नांगला होतो आणि माझं उत्तर एका वाटीत मावतं, मी-क्वांग. नाव वाचून आपल्याला वेगळंच वाटतं, पण तिकडे 'मी' म्हणजे गव्हाचं नूडल आणि 'क्वांग' म्हणजे हा प्रांत, आणि मजा म्हणजे यात गहू अजिबात नसतो, तांदळाचंच असतं. तांदूळ भिजवून वाटतात, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर कापड ताणून बांधलेलं असतं त्यावर ते पीठ पसरून वाफवतात, आपण सालपापड्या वाफवतो ना अगदी तसंच दिसतं ते, मग पापडीला शेंगदाण्याचं तेल लावून एकावर एक रचतात आणि सुरीने रुंद पट्ट्या कापतात. काही ठिकाणी पांढऱ्या, काही ठिकाणी हळदीने पिवळ्या.

आता मुख्य मुद्दा, हे सूप नाही. फो खाऊन गेलेला माणूस इथे हमखास फसतो, वाटीत रस्सा एवढासाच बघून परत मागतो. रस्सा थोडाच असायचा, दाट, अंगाबरोबरचा, नूडल जेमतेम ओली होतील इतका. कोळंबी, डुक्कर, कोंबडी, गोड्या पाण्यातला मासा, बेडूक, ज्या गावात जे मिळतं ते त्यात पडतं, म्हणून दोन घरचं मी-क्वांग एकसारखं लागत नाही. फोडणीत शेंगदाण्याचं तेल आणि कू-नेन नावाचा बारीक कांदा, नखाएवढाच असतो पण वास असा की गल्लीच्या तोंडाशी कळतं आज कोणाकडे काय शिजतंय. खाली पालेभाज्यांचा थर, केळफूल पातळ चिरून, पुदिना, तुळशीच्या जातीची पानं, मोड आलेले मूग. वरून भाजलेले शेंगदाणे आणि तिळाचा भाजलेला तांदळाचा पापड. तो पापड हाताने मोडून थोडा वाटीत टाकायचा, थोडा बाजूला कुरकुरीत ठेवायचा, लिंबू पिळायचं, तळापासून कालवायचं, आणि हिरवी मिरची हातात धरून चावत चावत खायचं. मिरची चिरून टाकलीत तर शेजारच्या टेबलावरची आजी येऊन दाखवेल कसं खायचं ते, मला दाखवलंय.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी-क्वांग बनवण्याच्या पारंपरिक ज्ञानाला व्हिएतनामने राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवलं. पण त्यापेक्षा मला तिथली लोकगीताची एक ओळ जास्त आवडते, तिचा अर्थ असा की माया आहे तर वाटीभर हिरवा चहा ओतते, मी-क्वांग करते, ये बस माझ्याबरोबर खायला. क्वांगचा माणूस पोटासाठी सायगावला (हो ची मिन्ह सिटीला) गेला तरी आठवण काढतो ती या वाटीची. तुमच्या मैत्रिणीला याचाच राग आला असणार.

साधारण तीस ते पन्नास हजार डाँगला वाटी, गल्लीतल्या साध्या दुकानात बसा, लहान प्लॅस्टिकचे स्टूल असले की बिनधास्त.

तिखटमीठ

मी-क्वांगबद्दल सगळं मान्य, पण पाच रात्री होई आनला राहून काव-लाउला पहिला मान नाही म्हणजे काय! मी-क्वांग तुम्हाला सायगावलाही मिळेल, चांगलं मिळेल, काव-लाउ होई आनच्या बाहेर तसं होतच नाही.

कारण पाणी आणि राख. तांदूळ भिजवतात तो राखेच्या निवळीत. परंपरेने ही राख समोरच्या कू लाव चाम बेटांवरच्या झाडांची आणि पाणी होई आनमधल्या बा ले नावाच्या जुन्या विहिरीचं, असं तिथे कोणीही सांगेल. आपण पापडात पापडखार का घालतो, तेच काम ती राख करते, पिठाला ताण येतो आणि रंग पिवळट-तपकिरी होतो. मग ते पीठ एकदा नाही, अनेकदा वाफवतात, मळतात, कापतात, परत वाफवतात. म्हणून काव-लाउचं नूडल जाड आणि चिवट, दाताला कळतं की काहीतरी चावतोय, फोसारखं गुळगुळीत घशाखाली जात नाही. हे करणारी घरं थोडीच आहेत आणि पहाटे उठून करावं लागणारं अंगमेहनतीचं काम आहे, तेव्हा वाटी समोर आली की घाई करू नका.

वर मसाल्यात मुरवून शिजवलेल्या डुकराच्या मांसाचे काप, त्याचाच दोन-तीन चमचे रस, मोड, पालेभाजी, आणि त्याच पिठाचे तळलेले चौकोनी तुकडे. कोणी म्हणतं जपानी उदोन नूडलवरून आलं, कोणी म्हणतं चिनी. सोळाव्या-सतराव्या शतकात होई आन मोठं बंदर होतं, जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांच्या वस्त्या होत्या, ते सगळे इथल्या चुलीपाशी येऊन गेलेत हे वाटीत दिसतं. जपानी पूल तर तुम्ही बघालच, वीस हजाराच्या नोटेवर तोच आहे, बिल देताना नोट उलटी करून आईंना दाखवा.

एक सांगते, काव-लाउ गरमागरम वाफाळतं नसतं, कोमट येतं, ते तसंच असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गरम करून द्या म्हणून परत पाठवलं होतं आणि त्या बाईंचा चेहरा इतका पडला की अजून आठवतो, त्यांनी गरम करून दिलंही पण नूडलचा सगळा ताण गेला होता. दुसऱ्या दिवशी परत जाऊन जसं देतात तसंच खाल्लं तेव्हा कळलं काय बिघडवलं होतं मी.

बाकी होई आनमध्येच पांढरा गुलाब म्हणतात ते, खरं नाव बान-बाव बान-वाक, तांदळाच्या पारदर्शक पारीत कोळंबीचं सारण, उकडीच्या मोदकाची पारी आठवेल पण त्याहून कितीतरी पातळ, वर तळलेला कांदा. ते मुख्यतः एकच कुटुंब पिढ्यान् पिढ्या करतं आणि गावातल्या हॉटेलांना पुरवतं, त्यामुळे इकडे खाल्लं काय आणि तिकडे खाल्लं काय फार फरक नाही, एकदा खाल्लं की झालं.

आजीचा_नातू

काम-नामला जा! जुन्या गावातून पूल ओलांडला की पलीकडचं बेट. तिथे बान-दाप मिळतो, भाजलेल्या कुरकुरीत पापडावर ओली वाफवलेली तांदळाची पापडी चिकटवलेली, टेबलावर ठेवून तळहाताने फाटकन मारायचं आणि तुकडे करून माम-नेममध्ये बुडवायचे. 'दाप' म्हणजेच मारणं. सोबत हेन, म्हणजे नदीतल्या बारीक शिंपल्या परतलेल्या. माम-नेम आंबवलेल्या मासळीचं असतं, वास जबर आहे, पण अननस आणि मिरची घातलेलं असलं की सुकी मासळी खाणाऱ्याला एका घासात पटतं.

शेवंती_०७

अरे वा, एवढं सविस्तर! राखेच्या निवळीचं वाचून आई म्हणाली की तिच्या आजीकडे पापडासाठी केळीच्या सालींची राख ठेवायचे, तिला काव-लाउ बघायचंच आहे आता. पण खाणार कसं? शाकाहारी मिळतं का कोणी सांगेल का प्लीज, आणि शेंगदाण्याचं वाचलं, मला स्वतःला चालतं पण पुढच्या महिन्यात माझी भाची जाणार आहे आणि तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तिला पण हा धागा पाठवणार आहे.

कोथिंबीर

शेवंती ताई, मी स्वतः शाकाहारी आहे आणि होई आनला दोनदा राहिलेय त्यामुळे आईंची काळजी सोडा. एकच शब्द पाठ करा, चाय. आपला चहा नाही, तिकडे 'चाय' म्हणजे शाकाहारी, बौद्ध पद्धतीचं. 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी खाते. पाटीवर चाय दिसलं की आत शिरा. तिथे मी-क्वांगही चाय मिळतं आणि काव-लाउही, डुकराऐवजी टोफू आणि मशरूम, आणि फिश सॉसऐवजी सोया सॉस. नूडल तांदळाचंच असल्यामुळे काव-लाउची खरी गोष्ट, म्हणजे ती राख आणि तो चिवटपणा, आईंना पूर्ण मिळते, त्यात काहीच कमी होत नाही. माझ्या मते तर मसाल्याच्या मांसाखाली दडलेली नूडलची चव शाकाहारी वाटीतच जास्त कळते पण तिखटमीठ ताईंना हे पटणार नाही.

फक्त एक, साध्या दुकानात जाऊन 'मांस नको' एवढंच सांगू नका. ते मांसाचे तुकडे काढून देतील पण रस्सा हाडांचा आणि सॉस माशाचाच राहील, त्यांच्या मनात फसवणूक नसते, त्यांच्या हिशोबाने मांस काढलं की काम झालं. म्हणून चाय हाच शब्द वापरा. कडक चाय जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, आई कांदा-लसूण खात नसतील तरी त्यांना विचारून मिळेल.

आणि तारखा हातात असतील तर चांद्र महिना बघा. पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथे घरोघरी लोक चाय खातात आणि एरवी मांस विकणाऱ्या दुकानातही त्या दिवशी शाकाहारी पातेलं चढतं. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री होई आनच्या जुन्या गावात विजेचे दिवे मालवून कंदील लावतात, ती रात्र बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाऊन चाय जेवा, सहज जुळतं दोन्ही.

चा-क्वे गाव नक्की करा, होई आनपासून तीनेक किलोमीटर, सायकलवर जाता येतं. वर सगळ्यांनी पालेभाज्या पालेभाज्या म्हटलंय त्या बऱ्याचशा इथल्या. नदीतलं शेवाळ आणून वाळूच्या वाफ्यांत खत म्हणून घालतात, पानं लहान पण वासाला तेज. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं या गावाला. आईंना वाफे दाखवा, त्या झारीने पाणी घालणाऱ्या बायकांशी भाषा न येताही गप्पा मारतील, माझ्या सासूबाईंनी मारल्या होत्या, पाऊण तास, आणि शेवटी दोघी एकमेकींना पुदिन्याची जुडी देत होत्या.

गोड म्हणाल तर संध्याकाळी काळ्या तिळाची दाट लापशी मिळते, शी-मा म्हणतात, रंग बघून दचकू नका. आणि बान-इत-ला-गाय, चिकट तांदळाचं काळं गोड, आत बहुतेक मुगाचं सारण, केळीच्या पानात गुंडाळलेलं. काळा रंग एका पाल्याचा असतो.

भाचीसाठी मात्र कळकळीने सांगते, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर क्वांग नाममध्ये नुसते वरचे दाणे काढून भागत नाही. तेल शेंगदाण्याचं, नूडलला लावतात ते तेल शेंगदाण्याचं, चटणीत दाणे. व्हिएतनामीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवायला सांगा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध सतत सोबत. मी-क्वांग तिने टाळलेलंच बरं, वाईट वाटतं लिहायला पण टाळलेलंच बरं.

तिखटमीठ

कोथिंबीर, पटलं की! तुझं वाचून पुढच्या वेळी चाय काव-लाउ खाऊन बघणार मी.

शेवंती, कोंबडी-भात राहिला बघ. कम-गा. कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला हळदीचा भात, हाताने सोललेली कोंबडी कांद्यात आणि राव-रामच्या पाल्यात लिंबू-मिरी लावून कालवलेली. होई आनचा नावाजलेला आहेच पण ताम कीचे लोक म्हणतात आमचाच खरा, ते कोंबडीचे तुकडे ठेवतात आणि गावठी कोंबडी असते, चावायला वेळ लागतो पण चव कोंबडीचीच. ताम की दा नांगहून दक्षिणेला सत्तरेक किलोमीटर आहे, नुसत्या भातासाठी जायला मी तयार असते, तुम्हाला आईंबरोबर तेवढं नसेल जमत तर होई आनचा खा.

डोंगरवाट

सगळे किनाऱ्याचंच सांगतायत म्हणून लिहितोय. क्वांग नामचा मोठा भाग डोंगर आहे, लाओसच्या हद्दीपर्यंत, आणि तिथे कातू लोक राहतात. दोंग ज्यांग, ताय ज्यांग, नाम ज्यांग हे त्यांचे भाग. त्यांचं खाणं किनाऱ्यापेक्षा पार वेगळं, बांबूच्या नळीत सगळं. भात बांबूत, मासा-मांस-पाला-मिरची बांबूत घालून विस्तवावर भाजतात आणि मग काठीने आतल्या आत कांडतात, त्याला झरा म्हणतात. चिकट तांदळाची म्हशीच्या शिंगासारखी दोन टोकांची पानात बांधलेली मुटकी असते, पाहुणा आला की, लग्न असलं की ती हवीच. ती पूर्ण शाकाहारी आहे, तांदूळ आणि पान, बस. ता-वात नावाच्या माडाच्या जातीच्या झाडाची ताडीसारखी दारू असते, झाडावरच जमा करतात आणि एका झाडाची साल घालून आंबवतात.

मला डोंगरातलं इतकं जवळचं वाटलं त्याचं कारण म्हणजे तिथे जेवण विकत घेतल्यासारखं वाटत नाही. गावाच्या मधोमध मोठं सामायिक घर असतं, तिथे बसवून वाढतात. मी एकटा होतो, माझ्यासमोर तीन माणसांचं ठेवलं होतं आणि उरलेलं पानात बांधून दिलं.

आणायचं असेल तर चा-मीची दालचिनी आणा, जाड सालीची, तेल इतकं की पिशवी उघडली की खोली भरते. आणि तिएन फुकची मिरी. ऑगस्ट-सप्टेंबरनंतर कोणी जाणार असेल तर लोन-बोन फळ बघा, बाहेरून बारीक बटाट्यासारखं, आत लसणासारख्या पाकळ्या, आंबटगोड. न्यूएन राजांनी १८३५ ते १८३७ मध्ये हुएला, म्हणजे त्यांच्या राजधानीत, नऊ मोठे कांस्य घडे ओतवले त्यातल्या एकावर हे फळ कोरलंय, गोष्ट अशी सांगतात की राजा गादीवर यायच्या आधी रानात लपला होता तेव्हा याच फळाने त्याचा जीव वाचवला.

शेवंती_०७

मंडळी, आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. शिंगाच्या आकाराच्या मुटक्यांवर तिचा जीव बसलाय पण डोंगराचा रस्ता तिच्या गुडघ्यांना झेपेल का माहीत नाही, बघू, एक दिवस मोकळा ठेवतेय. चंद्राच्या तारखा बघून तिकीट दोन दिवस पुढे सरकवलं, चौदावी रात्र सापडली. मैत्रिणीला पण शेवटी न राहवून मेसेज केला, तिने एकच ओळ पाठवली, फू चिएमला जा. ते कुठे आहे आणि काय आहे तिथे, कोणाला माहिती?

बंदरावरचा

व्वा, मैत्रिणीने बरोबर नस पकडली. फू चिएम दिएन बानमध्ये, होई आनहून जवळच, मी-क्वांगचं गाव. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या खांद्यावर कावड घेऊन निघतात, एका टोकाला रश्श्याचं पातेलं आणि दुसऱ्या टोकाला नूडल, पालेभाजी, वाट्या, आणि होई आन-दा नांगच्या रस्त्यांवर बसून विकतात. त्यांच्या रश्श्यात कोळंबी आणि डुकराचं मांस, चव साधी आणि खोल, हॉटेलातल्या वाटीत ती नसते. आईंना तिथली वाटी खाता येणार नाही हे खरं, पण नूडल वाफवताना बघायला त्या नक्की रमतील, मुख्य म्हणजे ते कापडावरचं पसरणं. त्यांच्यासाठी कोरी पापडी मागून घ्या, वर तेल आणि कू-नेन एवढंच, माम (मासळीचा सॉस) नको असं खुणेने सांगितलं तरी कळतं.

पहाटे निघा. साडेपाच-सहाला चुली पेटलेल्या असतात, उन्हं वर आली की कावडी गावाबाहेर गेलेल्या असतात.